मोजायचे कशासाठी?

(आंदर मावळातील आरोग्य-नोंदींच्या योजनेविषयी साहाय्यकांच्या सभेत केलेले भाषण)



आंदर मावळातील कातकरी आणि ठाकर पाड्यांवर आरोग्याच्या नोंदी टॅबलेटवर ठेवण्याची योजना आपल्यापुढे मांडत आहे. टॅबलेट किती लागतील, असे अनेकांनी विचारले. तो शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की नोंद कोणाच्या उपयोगाची?

पवित्र शास्त्रात दोन मोजण्या आहेत. दावीद राजाने आपले बळ पाहण्यासाठी शिरगणती केली, ती लोकांना महागात पडली. मेंढपाळाला शंभरात एक कमी भरले, आणि तो शोधायला निघाला. आपली मोजणी मेंढपाळाची हवी.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. कोण गरोदर आहे, कोणाचे बाळ अशक्त आहे, हे त्यांना घराघराने ठाऊक असे. संगणक नव्हता, पण जिला माहीत होते, तीच त्या दारात जात होती.

आपली मोठी अडचण स्थलांतराची. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. बाळाचा एक डोस पाड्यावर होतो, पुढच्या डोसाच्या वेळी आई दुसऱ्या तालुक्यात असते, आणि कार्ड कुठेतरी हरवलेले असते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातला १४ अंकी आभा क्रमांक इथे कामी येऊ शकतो. त्याला जोडलेली नोंद, माणसाच्या संमतीने, त्या व्यवस्थेतल्या दुसऱ्या दवाखान्यातही पाहता येते.

योजना अशी आहे. पहिले सहा महिने तीनच पाडे, आणि तेही साध्या वहीवर. आशाताई आणि अंगणवाडी सेविका नोंदी ठेवतातच. त्यांच्यावर आणखी एका रजिस्टरचे ओझे टाकायचे नाही, त्यांच्या सोबत बसायचे. चारच गोष्टी लिहायच्या: गरोदरपण, लस, बाळाचे वजन, आणि कुटुंब कधी, कुठे जाते. दर सोमवारी राहून गेलेल्यांची यादी काढायची आणि त्याच आठवड्यात त्यांना गाठायचे. हे वहीवर जमले, तरच टॅबलेट घ्यायचे. तेही रेंज नसताना चालणारे. माहिती टाकव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्यावर पुढे पाठवता येईल.

अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे नाही. आईला तिच्या बोलीत समजावून सांगायचे. ती नको म्हणाली, तरी लस आणि औषध मिळवून देण्याची आपली धडपड तीच राहील. नोंदीत धर्माचा रकाना नसेल. त्यातले एकही नाव किंवा फोटो आपल्या वार्तापत्रात येणार नाही.

तुम्ही दान देता, हिशेब मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण किती नोंदी झाल्या, एवढ्यावर थांबू नका. यादीतल्या किती बाळांपर्यंत पोहोचलात, ते विचारा. त्याचे उत्तर घेऊन मी पुढच्या सभेला येईन. तोवर पाड्यांवर चालत जाणाऱ्या आशाताईंना प्रार्थनेत आठवा.