रंगाच्या आतले लोखंड
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपले वाडवडील बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवीत. वरून पाणी ओतले की लोखंड आकसे आणि चाक आवळून धरी. गाडी कोणाचीही असो, धाव सैल निघाली तर बोल लोहाराच्या घराला लागे. आज अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापूस, तूर, सोयाबीन आणि वरूड-मोर्शीची संत्री पिकअपमधून येतात. नव्या गाडीच्या हप्त्याला भिऊन आपले अनेक तरुण जुनी गाडी घेतात. त्यांच्यासाठी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो.

आम्हीही एक जुनी पिकअप घेतली होती. पहिले पैसे रंगाला आणि हौद्याला घातले. गाडी नवरीसारखी नटली. पुढे चिखलदऱ्याला माल उतरवून परतवाड्याकडे घाट उतरत असता ब्रेकचे पेडल पायाखाली बुडाले. खालच्या गिअरवर आणि हातब्रेकवर गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला टेकवली. शेजारी आमचा धाकटा मुलगा होता. घरी पोचेपर्यंत त्याने शब्द काढला नाही. पाहतो तो ब्रेकची नळी गंजून फुटलेली. दोष गाडीचा नव्हता. आधी काय आणि मागून काय, हे न जाणणाऱ्या आमच्या बुद्धीचा होता.

वऱ्हाडात गंजाला साथीदार पुष्कळ. काळी माती चासीच्या सांदीत चिकटून ओल धरून ठेवते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घातले की आत क्षार धरतात, पाण्याचा मार्ग अरुंद होतो आणि भर उन्हाळ्यात इंजिन तापते. म्हणून रेडिएटरमध्ये शुद्ध केलेले पाणी व कूलंटच घालावे, आणि गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवावी.

गाडी पाहताना प्रथम चासीवर हातोडी हलकेच वाजवावी. निकोप लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. हा कान आपल्याला वारशाने मिळाला आहे. मग ब्रेक, स्टिअरिंग, पाटे आणि टायर पाहावेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यानंतर इंजिन. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो; काळा धूर डिझेल पुरते जळत नसल्याचे; आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर बहुधा पाणी आत शिरत असते. रंग सर्वांच्या शेवटी.

कागदही लोखंडाइतकेच तपासावेत. नोंदणीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याखेरीज पैसे देऊ नयेत. गाडी घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत मालकी बदलासाठी कळवावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. अधिक माल मावावा म्हणून मूळ बांधणीत परस्पर फेरफार करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वर्ज्य केले आहे.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला की पाय वेगाला सोकावतो. अशा वेळी जुन्या गाडीचा ब्रेकच तिचा खरा धनी.

आपल्यात गाडीकामाचे जाणकार घरोघर आहेत. त्यांना आमची विनवणी, की समाजातील कोणी तरुण जुनी गाडी घेण्यास निघाला तर त्याच्याबरोबर तासभर जावे आणि गाडीखाली वाकून पाहावे. त्या तासाचे मोल घेऊ नये. तरुणांनीही विचारण्यात कमीपणा मानू नये. आम्ही तो मानला, आणि त्याची किंमत त्या दिवशी घाटात लेकराच्या जिवाने मोजण्याची वेळ आली होती.

वाडवडिलांनी धाव आवळून गावाची गाडी सांभाळली. तोच वसा आपण चालवू या.