पराक्रमाला कुळ कशाला?

'स्टार वॉर्स' चित्रपटमालेचा मी भक्त आहे. म्हणूनच 2019 सालच्या नवव्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. 2017 सालच्या आठव्या भागात नायिका रे ही भंगारवाल्या आईबापांनी दारूच्या पैशांसाठी विकलेली पोर होती. तिचे सामर्थ्य तिचे स्वतःचे होते. पुढच्याच भागात ती सम्राट पॅल्पटीनची नात ठरली! शेवटी आजोबांचे नाव टाकून ती स्कायवॉकर म्हणवते. पण तेही थोर घराण्याचेच नाव.

आपले तळेगाव सेनापती दाभाड्यांचे, याचा मला अभिमान आहे. परंतु 1908 सालचा इथला काचकारखाना पैसाफंडाने, लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभारला. त्या देणाऱ्यांचे कुळ कुणी विचारले नाही. भट्टी मात्र त्यांच्यामुळे पेटली. अशा माणसांची पोर आकाशकथेत नायिका झाली होती. तिला तशीच राहू द्यायला हवी होती.