तेल, पाणी आणि फवारणीचा पंप

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक काचेचं नरसाळं असतं. वर बूच, खाली तोटी. त्यात पाणी आणि ईथर घालून हलवलं की दोन थर होतात. ईथरची घनता ०.७१, म्हणून ते वर. त्याऐवजी क्लोरोफॉर्म घेतला तर घनता १.४९, आता पाणी वर. विद्यार्थी इथंच फसतात, खालचा थर पाण्याचा समजून सोडून देतात आणि दिवसभराची मेहनत मोरीत जाते. शंका आली तर पाण्याचा एक थेंब टाकावा. ज्या थरात तो मिसळेल, तो पाण्याचा.

पण मला आज बोलायचं आहे ते थर होत नाहीत तेव्हाचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीच्या शिवारात फवारणीवाला बादलीत पाणी घेतो, बाटलीतलं औषध ओततो, काडीनं ढवळतो. पाणी दुधासारखं पांढरं होतं. बाटलीवर नावापुढे ‘ईसी’ लिहिलेलं असतं. म्हणजे विष तेलकट द्रावकात विरघळवलेलं आहे आणि सोबत साबणाच्या जातीचा पदार्थ आहे. तो तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतो, थर पडू देत नाही. नरसाळ्यात असं दूध झालं तर आम्ही मीठ घालून ते फोडतो. शेतात मात्र तेच हवं असतं, नाहीतर पिकावर कुठे नुसतं पाणी पडेल, कुठे नुसतं विष.

प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक घ्या. एक लिटर पाण्यात ते जेमतेम २८ मिलिग्रॅम विरघळतं. तेलकट द्रावकात हवं तेवढं. आणि आपली कातडी? तिचा वरचा थरही स्निग्धच. पाण्याला ती अडवते, अशा विषाला वाट देते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीला भिडली होती. फवारा पानांवरून तोंडावर, छातीवर येत होता, भिजलेला सदरा तासन्‌तास अंगावर राहत होता. फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती नावं वर्तमानपत्रात वाचताना मला सारखं ते नरसाळं दिसायचं. वर्गात आम्ही ईथर शिकवलं, क्लोरोफॉर्म शिकवला. बांधावरची बादली शिकवली नाही.

म्हणून ऐकणाऱ्या मायबहिणींना सांगतो, फवारणीहून आलेल्या माणसाचे कपडे नुसत्या पाण्यात खळबळून वास जात नाही, कारण तेलाला पाणी धरत नाही. साबण लागतो, तोही भरपूर. अंगालाही तसाच. आणि ते कपडे लेकरांच्या कपड्यांसोबत भिजवू नका.