परवाना जुना, सराव नवा



सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक आणि आपल्याच चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा कारखाना यांमुळे वाहनचालकाच्या नोकरीकडे अनेकांचे लक्ष लागले आहे. पूर्वी ट्रक चालविला, मग काही वर्षे शेती किंवा दुकान सांभाळले, अशा बांधवांसाठी हे चार शब्द.

प्रथम परवान्यावरील तारीख पाहा. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीपासून परिवहन वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण ५ वर्षांसाठी होते. मुदत संपून १ वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

नंतर सराव. मोकळ्या मैदानात रिकामी गाडी आरशात पाहून मागे घ्या, चढावर थांबवून पुन्हा उचला. मग अनुभवी चालकाला शेजारी बसवून भरलेली गाडी चालवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते, हे विसरू नका. उतारावर खालचा गिअर ठेवा. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि ऐनवेळी दगा देतो. हवेच्या ब्रेकची गाडी असेल, तर दाबाचा काटा पाहिल्याशिवाय ती हलवू नका.

मालकाकडे सरावासाठी चार दिवस मागण्यात कमीपणा कसला? त्याच रस्त्याने आपली मुले सायकलवरून शाळेत जातात. परीक्षेपूर्वी उजळणी करा, असे आपण त्यांना नेहमी सांगतो. तोच नियम आपणही पाळू या.