संगणकाचं झाकण आपणच उघडायचं

(दस्तऐवजीकरणाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर 'ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड कसं ठेवावं' असा विषय वाचून सकाळपासून चार-पाच जणींनी विचारलं, की छपाईत काही घोटाळा झालाय का. नाही, घोटाळा झालेला नाही. हा विषय मुळात महागडे खेळ खेळणाऱ्या मुलांचा, हे मला माहीत आहे. काचेचं खोकं, त्यात रंगीत दिवे आणि निळंजांभळं पाणी, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. दिव्यांशी आपल्याला कर्तव्य नाही. पण पाण्याशी आहे, आणि ते कसं, हे आधी सांगते.

आपल्यापैकी बहुतेक गटांच्या कपाटांत ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कॅसेट आहेत. नवऱ्याने टाकलेल्या, जाळलं जात असताना वाचलेल्या, कोर्टात उभ्या राहिलेल्या बायकांनी आपल्यावर विश्वास ठेवून सांगितलेलं त्यांत आहे. फिती खराब होत चालल्या आहेत. त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आणि बोलण्याचा मजकूर करायचा, हे काम आमच्या गटाने हाती घेतलं. बोलणं ऐकून मजकूर करणारे प्रोग्राम आता आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात खुला झालेला 'व्हिस्पर' त्यांतलाच. मराठीत तो बऱ्याच चुका करतो, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या बाईच्या तोंडी तर भलतंच काही घालतो, आणि शेवटी एकेक ओळ आपल्यालाच तपासावी लागते. तरीही कोऱ्या कागदापासून सुरुवात करण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न होता तो हे काम कुठे करायचं याचा. परक्या कंपनीच्या संगणकावर पाठवून देणं सोपं आणि स्वस्त. पण त्या बाईने आपल्याला सांगितलं होतं, कंपनीला नाही. शिवाय बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. मथुरा प्रकरणानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली जो कायदा बदलला, त्यात भारतीय दंड विधानात २२८-अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. ज्या गोष्टीसाठी आपण रस्त्यावर उतरलो, तिच्याबाबत आपणच ढिलाई करायची? तेव्हा ठरलं, की यंत्र आपल्या खोलीत असेल आणि त्याला बाहेरची तार नसेल.

असं यंत्र बांधायचं तर जड गणित करणारं ग्राफिक्स कार्ड लागतं. आम्ही जुनं घेतलं: एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०९०, २०२० सालचं, २४ जीबी स्मृतीचं. व्हिस्परच्या मोठ्या आवृत्तीला साधारण १० जीबी पुरते, पण सोबत मजकुरात शोध घेणारा, सूची करणारा प्रोग्रामही चालवायचा होता. जुनी कार्डं मिळतात त्यालाही कारण आहे. इथेरियम हे आभासी चलन 'खणायला' ही कार्डं रात्रंदिवस राबवली जात. २०२२ च्या सप्टेंबरात त्याची पद्धतच बदलली, कार्डं निरुपयोगी झाली आणि ढिगाने जुन्या बाजारात आली. आमचं कार्डही बहुधा तिथलंच.

हे कार्ड पूर्ण कामात ३५० वॅट वीज घेतं. म्हणजे छताचे जवळजवळ पाच पंखे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते, आणि तिचा मोठा भाग निघतो तो जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चिपमधून. इस्त्रीच्या तळाशी तुलना केली, तर तेवढ्याच जागेतून कितीतरी पट जास्त उष्णता. आणखी एक खोड या कार्डाची: स्मृतीच्या २४ चिपा आहेत, त्यांतल्या १२ कार्डाच्या पाठीवर. पंखे पुढच्या बाजूला, पाठीवर नुसता पत्रा. पाठ भाजते. आमच्याकडे स्मृतीचं तापमान १०४ अंशांपर्यंत जाई. ११० च्या जवळ कार्ड स्वतःच वेग कमी करतं. आणि तिन्ही पंखे जोराने फिरू लागले की खोलीत बोलायची सोय उरत नसे. त्याच खोलीत आम्ही फिती ऐकायचो. हुंदका देत, पदर तोंडाशी धरून बोलणाऱ्या बाईचा आवाज या घरघरीत ऐकून तर बघा.

आता पाणी का? एक लिटर पाणी एक अंशाने तापायला जेवढी उष्णता घेतं, तेवढ्याच उष्णतेत एक लिटर हवा कुठल्या कुठे जाईल. फरक सुमारे साडेतीन हजार पटींचा आहे. म्हणून थोडं पाणी हळू फिरवलं तरी भागतं. रचना सोपी आहे. चिपवर बसतो तांब्याचा ठोकळा, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या आत केसासारख्या बारीक खाचा, त्यांतून पाणी वाहतं. तिथून नळीने रेडिएटरमध्ये, मोटारीच्या रेडिएटरसारखाच तो, फक्त पातळ. त्यावर तीन मोठे पंखे हळू फिरतात. मग टाकी, पंप आणि परत ठोकळा. यात नवं काही नाही. आयबीएमचा १९८० सालचा ३०८१ हा प्रचंड संगणक पाण्यावरच थंड राहायचा.

पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल, तर ३५० वॅट घेऊन पाणी कार्डातून बाहेर पडताना फक्त सव्वा अंशाने तापलेलं असतं. म्हणून टाकी आधी की रेडिएटर आधी यावर डोकं शिणवू नका, नळी सरळ बसेल तसं लावा. हे सांगते कारण दुकानात याच मुद्द्यावर मला वीस मिनिटं ज्ञान मिळालं. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानात आम्ही दोघी गेलो होतो. पहिला प्रश्न, "मशीन कोणासाठी?" दुसरा, "बांधणार कोण?" आम्हीच, म्हटल्यावर त्यांनी नळ्यांचे रंग दाखवायला घेतले. आम्हाला रंग नको होता, काळी ईपीडीएम रबराची नळी हवी होती. पारदर्शक मऊ प्लॅस्टिकमधून कालांतराने चिकट अंश सुटतो आणि त्या बारीक खाचांत जाऊन बसतो. हे सांगितल्यावर त्यांचा सूर बदलला, हेही नमूद करायला हवं.

कार्ड उघडण्याचं काम सविस्तर सांगते, कारण भीती तिथेच वाटते. कार्ड दोन किलोच्या घरातलं. पाठीचे स्क्रू काढायचे. ते वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर कार्डाचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवायचा. एका स्क्रूवर कंपनीचा स्टिकर असू शकतो. तो फाटला की काही कंपन्या हमी नाकारतात. नव्या कार्डाचा विचार करणाऱ्या गटाने हे आधी लेखी विचारून घ्यावं. मग कूलर ओढायचा नाही, किंचित फिरवून सैल करायचा, कारण पंख्यांच्या बारीक तारा आत जोडलेल्या असतात. वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. स्मृतीच्या चिपांवर मऊ पट्ट्या असतात, थर्मल पॅड. आमच्या कार्डातल्या तेलकट होऊन चुरगळल्या होत्या. नव्या पट्ट्यांची जाडी नव्या ठोकळ्याच्या पत्रकात लिहिली असेल तेवढीच हवी. अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर ठोकळा चिपवर नीट टेकत नाही, आणि मग पाणी असून उपयोग नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं. पापडाच्या लाटीची किंवा शिलाईची उपमा देणार होते, पण आपली उदाहरणं स्वयंपाकघराबाहेर कधी पडणार, असं तुम्हीच विचाराल.

पाणी डिस्टिल्डच हवं. नळाचं नाही, आरओचंही नाही. त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं द्रव्य घालायचं. तांब्याचा ठोकळा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की ते झिजायला लागतं. भरल्यावर कार्डाला वीज न देता फक्त पंप चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर, आणि चोवीस तास वाट बघायची. घाई करणारं कोणी असेलच; त्यांना बाहेर चहाला पाठवा.

हिशेबाचं बोलते. ठोकळा, पंप, रेडिएटर, सांधे धरून आमचे चाळीस हजारांच्या वर गेले. आता खोलीत ३२ अंश असताना पाणी ४३ वर, चिप ५५ च्या आसपास आणि स्मृती ७० वर राहते, आणि फिती ऐकू येतात. पण वीज तेवढीच जाते, खोलीही तेवढीच तापते. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, दुसरीकडे नेतं. आणि खोलीच्या हवेपेक्षा थंड तर ते कधीच होत नाही. म्हणून ज्यांच्याकडे पैसा कमी आहे त्यांनी आधी कार्डाची वीजमर्यादा ३५० वरून २५० वर आणावी. तो आकडा बदलायचा असतो, खर्च शून्य, आणि कामाचा वेग त्या मानाने फारच थोडा कमी होतो. जुने पॅड बदलावेत. यंत्र शेजारच्या खोलीत ठेवता आलं तर ठेवावं. बहुतेक गटांचं तेवढ्यात भागेल, आणि पाण्याच्या मागे लागू नये असंच मी सांगेन. आम्हाला दुसरी खोली नाही, म्हणून आम्ही लागलो.

कार्ड उघडल्यावर चिपकडे बघत आम्ही बराच वेळ बसलो होतो. ही चिप बनवली दक्षिण कोरियातल्या सॅमसंगने. त्याच कंपनीच्या चिप कारखान्यात काम करणारी ह्वांग यू-मी २००७ साली, ऐन विशीत, रक्ताच्या कर्करोगाने गेली. रसायनांच्या टाकीशी तिच्यासोबत काम करणारी सहकारीही त्याच रोगाने गेली होती. यू-मीचे वडील टॅक्सी चालवत. त्यांनी गप्प बसायचं नाकारलं, 'बानोलिम' ही संघटना उभी राहिली, आणि अकरा वर्षांनी, २०१८ च्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर माफी मागितली, भरपाईही मान्य केली. या कारखान्यांच्या ओळींत उभ्या असणाऱ्या बहुतेक मुलीच असतात. आपल्याकडे अंधेरीच्या सीप्झमध्ये १९७० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला मुलीच घेतल्या गेल्या. बोटं नाजूक म्हणून, असं कारण सांगत. तीच बोटं दुकानात पेचकस मागायला गेली की मात्र "बांधणार कोण?"

आमच्या यंत्रातलं पाणी वर्षाला एकदा बदलायचं ठरलं आहे. हे काम एकाच मुलीवर टाकलेलं नाही; चौघींना येतं, त्यांतली एक पासष्टीची आहे. दुपारी जेवणानंतर मागच्या खोलीत एक बंद पडलेलं कार्ड आणि रिकामा ठोकळा ठेवला आहे. ते सगळ्यांनी खोलून परत बसवायचं आहे. स्क्रू हरवले तर हरकत नाही, ते कार्ड तसंही चालत नाही. चष्मा लागणाऱ्यांनी चष्मा आणा. स्क्रू फार बारीक आहेत.