टाळ्यांपलीकडचा माणूस
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कलावंतांच्या अंतरंगाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी कलावंत नव्हे. मुलांना शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु नटनटींनी स्वतःविषयी लिहिलेली पुस्तके मी आवडीने वाचीत आलो आहे. त्यांच्याच आधारे बोलतो.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान कन्या निवर्तली. तरीही ते भामिनीच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले. कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून ही हकीकत आपण मुलांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या रात्री त्या पित्याने आपले दुःख कोठे ठेवले असेल, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. स्वतःच्या भावना आवरून दुसऱ्याच्या भावना उभ्या करणे हे नटाचे श्रम होत. शेतकऱ्याचा घाम डोळ्यांना दिसतो. हे श्रम दिसत नाहीत. म्हणूनच आपण त्यांना मौज समजतो.

हे श्रम कलावंतांनी स्वतःच उघड करून सांगितले आहेत. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. घरच्या अडचणीमुळे त्या बालवयातच चित्रपटांत आल्या. ‘संत सखू’तील साध्वी म्हणून प्रेक्षकांनी त्यांना हात जोडले, ‘रामजोशी’तील त्यांच्या अदाकारीवर ते लुब्ध झाले. त्याच बाईंनी कमाई आपली असून तीवर आपली सत्ता नव्हती हे दुःख, संसाराची वाताहत आणि जडलेले व्यसन, यांपैकी काहीही झाकून ठेवले नाही. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, त्यांचे निधन झाले. ते पुस्तक वाचताना कित्येकांना संकोच वाटतो. परंतु संकोच कोणी करावयाचा? सत्य सांगणारीने, की तिच्या श्रमांवर घर चालविणाऱ्यांनी?

दुर्गाबाई खोटे यांची गोष्ट निराळी. त्या सुखवस्तू, सुशिक्षित घराण्यातील. सासरची आर्थिक घडी विस्कटली तेव्हा मुलांच्या पालनपोषणासाठी त्या या व्यवसायात आल्या. पहिल्या चित्रपटामुळे त्यांच्या वाट्यास निंदाच आली. परंतु १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मधील तारामतीने तोच समाज त्यांच्यापुढे नम्र झाला. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे संयमाने मांडले आहे. पोटासाठी पत्करलेले कामही निष्ठेने केले म्हणजे त्याची साधना होते, हा बोध मी त्यातून घेतला.

तिसरे डॉ. श्रीराम लागू. कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य. उत्तम चाललेला वैद्यकीय व्यवसाय सोडून १९६९ साली ते पूर्ण वेळ नट झाले, आणि १९७० साली ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर त्यांनी उभा केला. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले ‘लमाण’. लमाण म्हणजे एका गावचा माल दुसऱ्या गावी वाहून नेणारा. नट हा नाटककाराचे धन प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणारा भारवाहक आहे, असा त्यातील भाव. केवढी ही नम्रता! आणि केवढे ते ओझे!

आता आपल्या घरातले बोलू. आपल्या ज्ञातीतील काही मुलेमुली आज नाटकांत व मालिकांत कामे करीत आहेत. माझ्या परिचयाच्या एका घरी मुलीच्या विवाहाची बोलणी चालू असता, ती नाटकात काम करते ही गोष्ट लपविण्यात आली. ‘नोकरी करते’ एवढेच पाहुण्यांस सांगितले गेले. मुलगी चहा घेऊन आली आणि खाली मान घालून बसली. त्याच दिवाणखान्यात तिला मिळालेले पारितोषिक कपाटावर होते. ते आधीच आत नेऊन ठेवले होते. ज्यांनी ते उचलले त्यांनीच तिच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजविल्या होत्या. बंधूंनो, टाळी सभागृहात आणि लाज घरात, हा हिशेब कोणत्या गणितात बसतो?

मुलांना या वाटेने डोळे मिटून पाठवा, असे मी म्हणत नाही. येथे यश अनिश्चित आहे, रात्रीची जागरणे आहेत, फसवणूकही आहे. म्हणूनच पालकांनी लाजेऐवजी दक्षता बाळगावी. करार लेखी असावा. मोबदला मुलीच्या स्वतःच्या नावे जमा व्हावा. हंसाबाईंच्या कथेचा हा पहिला धडा आहे. हाती दुसरी एखादी विद्या असावी. आणि प्रयोग संपवून मूल मध्यरात्री घरी आले म्हणजे ‘किती मिळाले?’ या प्रश्नाआधी ‘दमलास का?’, ‘दमलीस का?’ असे कोणीतरी विचारावे.

सभेलाही माझी एक विनंती आहे. आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा दरवर्षी सत्कार करतो. त्याच व्यासपीठावर, त्याच मानाने, कलेची साधना करणाऱ्या एका मुलाचा किंवा मुलीचाही सत्कार व्हावा. रक्कम अल्प असली तरी चालेल. कपाटावरून आत गेलेले पारितोषिक पुन्हा दिवाणखान्यात यावे, एवढेच त्यातून साधले तरी पुष्कळ झाले.