साथ, लस आणि आपला मोहल्ला

(मोहल्ल्यांत आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मालेगावातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. आरोग्य हा माझा विषय नाही. समोर बसलेल्या आशाताई आणि नर्सबाईंना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. तरी मला बोलावलंय, कारण 2020 मध्ये शिक्षकांना सर्वेक्षणाची ड्युटी लागली तेव्हा मी घरोघर फिरले आणि पुढच्या वर्षी लसीकरणासाठी पुन्हा त्याच गल्ल्यांत गेले. एकाच दारावर दोनदा जाऊन जे कळलं, तेवढंच सांगणार आहे. त्यात एक चूक माझी स्वतःची आहे. तीही सांगते.

मालेगाव ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोसम नदी शहराच्या मधून जाते. आमच्या बाजूला एका खोलीत आठ-दहा माणसं राहतात, शेजारी पत्र्याखाली माग चालतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला झोपतो. अशा घरात ‘सहा फूट अंतर ठेवा’ हे सांगताना माझीच जीभ अडखळायची. 8 एप्रिल 2020 ला शहरात पहिले रुग्ण सापडले आणि महिना संपेपर्यंत आकडा दोनशेच्या पुढे गेला. माग बंद, रस्त्यावर राज्य राखीव दलाचे जवान. त्यांच्यातलेही कित्येक जण आमच्या शहरात आजारी पडले. बहुतेक खासगी दवाखान्यांची शटरं खाली होती. त्या महिन्यात कब्रस्तानात रोज किती जनाजे येत होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यातले सगळे कोरोनाचे नव्हते. कुणाची साखर वाढली होती, कुणाच्या छातीत दुखत होतं आणि उघडा दवाखाना सापडला नव्हता. हे मरण कुठल्याच तक्त्यात नीट आलेलं नाही.

अशा वेळी आम्ही कागद घेऊन दारात उभ्या राहिलो. कागदावरचा पहिला प्रश्न कोणता? तर कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव. मग घरात माणसं किती, वय काय, मोबाइल नंबर, बाहेरगावाहून कोण आलं. आता हेच प्रश्न आमच्या लोकांच्या कानांनी ऐका. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला होता. तो सगळा हिवाळा शहर मोर्च्यांत होतं आणि ‘कुणी सर्व्हे करायला आलं तर कागद दाखवायचा नाही’ हे घराघरात पक्कं झालं होतं. मार्चच्या शेवटी दिल्लीच्या तबलिगी जमातच्या बातम्या सुरू झाल्या आणि टीव्हीवर आजाराला आमचंच नाव मिळालं. त्या प्रकरणात परदेशी तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 ला रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेल्याचंही नोंदवलं. पण ऑगस्ट उजाडेपर्यंत आमच्या गल्लीतली दारं कधीच बंद झाली होती.

मी तर त्यांच्याच मुलांची टीचर. तरी एका खालांनी विचारलं, “बेटा, हे तू लिहितेस ते जाणार कुठे?” मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाही ते ठाऊक नव्हतं. आम्हाला प्रश्न दिले होते, उत्तरं दिली नव्हती. ताप आहे म्हणून सांगितलं तर पुढे काय होणार? माणसाला कुठे नेणार, घरच्यांना कुठे ठेवणार, जेवण कोण देणार, मयत झाली तर गुसल आणि दफन होणार की नाही? तीस मार्चला मुंबईत सर्व मृतदेहांचं दहनच करायचं असं परिपत्रक निघालं आणि मागेही घेतलं गेलं. मागे घेतल्याची बातमी मात्र आमच्यापर्यंत फार उशिरा आली. पहिली बातमी पळत येते, दुरुस्ती लंगडत येते.

आता माझी गोष्ट. एका घरात एक भाभी दार अर्धं लावून उभी होती. आतून खोकण्याचा आवाज येत होता. साधा खोकला नव्हता तो. मी विचारलं, “कुणाला ताप?” ती म्हणाली, “नाही.” मग हळूच म्हणाली, “टीचर, नको ना लिहू. घेऊन जातील. चार लेकरं आहेत.” मी तिच्याकडे पाहिलं आणि ‘ताप : नाही, खोकला : नाही’ अशी खूण करून पुढच्या दारावर गेले. मला वाटलं, मी तिच्यावर उपकार केला. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा घरातच वारला. पंचेचाळिशीचा असेल, मागावर काम करायचा. तपासणी झाली नाही, दवाखाना झाला नाही. वेळेवर ऑक्सिजन मिळाला असता तर वाचला असता की नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या घरात आजारी माणूस आहे हे ठाऊक असलेली बाहेरची एकटी मीच होते, आणि मी तो नसल्याचं लिहून दिलं.

ही चूक मला बरेच दिवस फक्त सरकारच्या खात्यावर टाकता येत होती. नंतर थोडं वाचन केलं तेव्हा कळलं की हे नाट्य जुनंच आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने तोच बाहेर काढला. त्या काळी तपासणी पथकं घरात घुसत, आजाऱ्याला उचलून नेत. पुण्यात त्याचं काय झालं, रँडचा खून कसा झाला, हे आपण शाळेत शिकवतो. मुंबईतला 9 मार्च 1898 चा दिवस मात्र कुणी शिकवत नाही. मदनपुऱ्याच्या भागात जुलाह्यांच्या, म्हणजे आपल्याच विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली, माणसं मेली. त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली. निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेगची इस्पितळं उघडली होती. तिथे ओळखीच्या माणसांच्या देखरेखीखाली लोक आजारी माणसाला न्यायला तयार व्हायचे. मालेगावच्या विणकरांचे पणजोबाही उत्तरेतून त्याच वाटेने आलेले. सव्वाशे वर्षांनी त्यांच्या दारात मी तोच प्रश्न घेऊन उभी होते.

आणि याच इतिहासात दुसरीही बाजू आहे. ती आपल्याला टोचणारी आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा जेमतेम विशीच्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर, चारचौघांत, स्वतः लस टोचून घेतली. 2021 मध्ये आमच्याकडे उलटं झालं. मोहल्ल्यातल्या काही मोठ्या माणसांनी गुपचूप दूर जाऊन लस घेतली, मोबाइलवर प्रमाणपत्र ठेवलं आणि चौकात विषय निघाला की गप्प बसले. एकाला मी विचारलं, “तुम्ही घेतली, मग सांगत का नाही?” म्हणाले, “लोक नाराज होतात.” मागवाला लस नाकारतो त्याचा मला राग येत नाही. या गप्प बसणाऱ्यांचा येतो.

लसीकरण देशात 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, मार्चपासून साठीच्या पुढचे, एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे, मेपासून अठराच्या पुढचे सगळे. त्याच वर्षाच्या शेवटी राज्यातल्या सर्वांत कमी लसीकरणाच्या शहरांत मालेगावचं नाव होतं. बाहेर एकच कारण सांगितलं जायचं, ‘त्यांचा धर्म आडवा येतो.’ मी दारोदार जाऊन कारणं ऐकली आहेत. धर्माचा प्रश्न होता, पण तो सुटायला सगळ्यांत सोपा होता. लसीत डुकराचं काही आहे का? कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्हींत नाही, घटकांची यादी छापलेली आहे. ती मी उर्दूत लिहून नेली. रमजानमध्ये सुईने रोजा तुटतो का? नाही, असं उलेमांनी जाहीर केलं होतं. एवढं ऐकून कितीतरी बाया म्हणाल्या, “अच्छा, ठीक आहे.” आणि तरी आल्या नाहीत.

का आल्या नाहीत? पहिलं, ताप. लस घेतली की दुसऱ्या दिवशी अंग मोडतं. मागावरच्या माणसाला ‘अंग मोडणं’ म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. लॉकडाऊनमध्ये कर्ज झालेलं, त्यावर हा आणखी एक दिवस कोण सोसणार? दुसरं, बाटली. कोविशील्डच्या एका बाटलीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेले फेकायचे. म्हणून नर्सबाई दहा माणसं जमेपर्यंत उघडत नव्हत्या. त्यांचीही चूक नाही, वाया गेलेल्या डोसचा हिशोब त्यांना द्यावा लागे. पण चार बाया हिंमत करून येत, तासभर बसत, आणि ‘उद्या या’ ऐकून घरी जात. उद्या त्या येत नसत. तिसरं, दंड उघडा करायचा, तर समोर पडदा आहे का आणि टोचणारी बाई आहे का. चौथं, बदलणारे नियम. दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मेमध्ये थेट बारा ते सोळा. त्यामागे कारणं असतील, पण आमच्या एका चाचांनी विचारलं, “यांनाच नक्की माहीत नाही, तर मला का टोचता?” चाचांना अडाणी म्हणून हा प्रश्न उडवता येत नाही.

आणि अफवा. एका फ्रेंच नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या नावावर ‘लस घेणारे दोन वर्षांत मरणार’ असा मेसेज फिरत होता. तो माणूस तसं बोललाच नव्हता. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मियांनी लस घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली. दोन वर्षं झाली त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून चहा पाजला.

मग केलं काय? फार थोडं. मालेगावात जुम्म्याला माग बंद असतात. आम्ही म्हटलं, शिबिर गुरुवारी संध्याकाळी ठेवा, म्हणजे ताप आला तर सुट्टीच्या दिवशी येईल. एवढ्या एका बदलाने पुरुषांची रांग लागली. दहा बायांची नावं आधी घ्यायची, मग निरोप द्यायचा, म्हणजे बाटली नक्की उघडणार. मदरशाची एक खोली मिळाली, दोन चादरी बांधल्या, पडदा झाला. सोबत पॅरासिटामॉलच्या गोळ्या, आणि ताप आला तर रात्री कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. तो नंबर माझा होता. पहिल्या रात्री बरेच फोन आले. बहुतेकांना फक्त एवढंच ऐकायचं होतं की उचलणारं कुणीतरी आहे.

याच काळात, नोव्हेंबरमध्ये, मुस्लिम वस्त्यांत लसीसाठी सलमान खानची मदत घेऊ असं राज्याचे आरोग्यमंत्री म्हणाले. सलमान आमच्याकडे लाडका आहे, वाद नाही. पण गुरुवारची वेळ त्याला सुचली नसती. शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात ‘लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही’ असा आदेश निघाला होता. त्याने आकडे वाढले असतीलही. मला मात्र रेशनच्या रांगेतल्या माणसाला धाक दाखवून टोचलेली लस कधीच पटली नाही. पुढच्या साथीत तो माणूस दार उघडेल का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या भाभीच्या दारावर मी चौथ्या खेपेला गेले तेव्हा तिने आत बोलावलं. लसीबद्दल ती काहीच बोलली नाही. ट्रंकेतून एक कागद काढला. कोरोनाने मेलेल्यांच्या घरच्यांना पन्नास हजार रुपये मिळणार, हे तिने ऐकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये त्याला मान्यता दिली होती. ती म्हणाली, “टीचर, तू आली होतीस ना तेव्हा. त्यांना खोकला होता हे तुला माहीत आहे. तू लिहून दे.”

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

मी तिला अर्ज भरून दिला. सोबत माझं पत्र जोडलं, त्या दिवशी मी काय ऐकलं आणि काय लिहिलं ते दोन्ही लिहिलं. आम्ही दोघी एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, तपासणीचा अहवाल? नाही. दवाखान्याचा कागद? नाही. सर्वेक्षणात नोंद? त्याने म्हटलं, नोंद तर ‘लक्षणं नाहीत’ अशी असेल. मी म्हटलं, हो, ती माझ्याच हाताची आहे. अर्ज परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत आला.

त्या गुरुवारी भाभी लसीला आली. तिची दहामधली सातवी चिठ्ठी होती. रात्री अकराला तिचा फोन आला, अंगात ताप आहे, गोळी एक घेऊ की दोन. मी म्हटलं एक, आणि सकाळी मी येते.